वरचा पोर्शन रिकामा होता

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्या चर्चमधली माणसं यंदा कोण काय सोडणार हे एकमेकांना सांगत सुटतात. रूथमावशी दर वर्षी चहा सोडतात आणि ईस्टरपर्यंत कॉफी पितात. कोणी मटण सोडतं, कोणी मोबाइलवरचे खेळ. माझे वडील, पप्पा, गोड सोडतात. त्यांना डायबेटिस आहे, त्यामुळे देव आणि डॉक्टर दोघंही एकाच खर्चात खूश होतात. यंदाही परवा भस्म बुधवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर हेच चाललं होतं. रस्त्यापलीकडे हलीमच्या भट्ट्या पेटल्या होत्या, कारण गेली काही वर्षं रमजानही याच सुमारास येतो. सिकंदराबादच्या हवेत उन्हाळ्याआधीचा तो कोरडा धुळकट वास सुटला होता. रूथमावशींनी मला विचारलं, "शालू, तू काय सोडलंस गं यंदा?" मी हसून वेळ मारून नेली आणि लवकर घरी आले.

हा काळ मला पूर्वी फार आवडायचा. माळ्यावरून कूलर खाली यायचा, त्यात नवं गवत भरायचं, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की सगळ्या घराला ओल्या गवताचा वास यायचा. तारनाक्याच्या रस्त्याला कलिंगडांचे ढीग लागायचे. विद्यापीठाच्या बाजूने कडुलिंबाचा मोहोर उडत यायचा, आणि झाडाखाली मुलं परीक्षेचं पाठ करत येरझाऱ्या घालायची. शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा. चर्चचं नाव रंगवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या रिक्षाच्या टपावर बांधून त्या घरी पोचायच्या, मागोमाग पेटी पोचायची, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. शेवटचं आमेन झालं की गरम मिरची भजी. या भज्यांसाठी प्रार्थनेला येणारी माणसंही होती आणि देवाला ते ठाऊक असणारच.

आता तोच वास आला की माझं मन उदास होतं. मला नीमा आठवते.

ती आमच्यात आली त्या वर्षी प्रार्थनासभांऐवजी आम्ही पुस्तक वाचायचं ठरवलं होतं. कल्पना विनयची. विनय पुण्याहून इथे आयटीत आलेला, चर्चमधल्या आमच्या मराठी मंडळीतला सगळ्यात तरुण सभासद. त्याला मराठी बोलता येतं पण वाचताना तो अक्षर न्‌ अक्षर चाचपडतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या अन्यायावरचं एक इंग्रजी पुस्तक त्याने आणलं. पाळकसाहेबांना ते आवडलं. दर शुक्रवारी एकाच्या घरी एक प्रकरण वाचायचं, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून ते मी मोठ्यांना मराठीत सांगायचं, असं ठरलं.

"पण अमेरिकेतलं आपण कशाला वाचायचं?" रूथमावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मावशी, पाप सगळीकडे सारखंच," पाळकसाहेब म्हणाले.

पुस्तकाचं मुख्य म्हणणं मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली होती. मी म्हणाले, मनात द्वेष असलेला एकही माणूस नसला तरी अन्याय चालू राहू शकतो, कारण तो व्यवस्थेत मुरलेला असतो. कोणाला कुठे घर मिळतं, कोणाच्या मुलाला कुठली शाळा मिळते, हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. मग पप्पा म्हणाले, "म्हणजे रुळासारखं. ड्रायव्हर कितीही भला असला तरी गाडी रूळ नेतील तिकडेच जाणार." पप्पा रेल्वेत गार्ड होते. विनयने टाळी वाजवली, आणि त्या दिवसापासून आमच्या गटात सगळे त्या म्हणण्याला 'रुळांची गोष्ट' असंच म्हणायला लागले.

खरं सांगायचं तर ते सुरुवातीचे शुक्रवार फार सुखाचे गेले. अन्याय सातासमुद्रापलीकडचा होता, अन्याय करणारे गोरे होते, आणि आम्ही भजी खात त्यांच्यावर रागावत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? जात हा शब्द कोणी काढत नव्हतं. चर्चमध्ये तो शब्द मोठ्याने काढायची पद्धतच नाही. तो फक्त लग्न ठरवताना, आणि तेही स्वयंपाकघरात, काढला जातो.

पुस्तक इंग्रजी म्हणून त्याची घोषणा इंग्रजी उपासनेतही झाली होती. त्या भल्याथोरल्या मंडळीतून एकटी नीमा आली. टांझानियाची, विद्यापीठात पीएचडी करणारी, तारनाक्यालाच एका खोलीत भाड्याने राहणारी. उंच, सावकाश बोलणारी. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती चटईवर बसायची. पहिल्या दिवशी पेटीवर आम्ही एक जुनं गीत धरलं तर तिने तेच गीत स्वाहिलीत उचललं. चाल एकच. मिशनऱ्यांनी ती कुठून कुठे नेली कोण जाणे, पण दोन्ही भाषा एकमेकींत इतक्या अलगद बसल्या की पप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून ती त्यांना अंकल म्हणायची आणि मला सिस्टर.

त्याच संध्याकाळी, भजी वाटता वाटता, रूथमावशी भाच्यासाठी मुलगी बघायला सांगत होत्या. "शिकलेली नसली तरी चालेल गं, फक्त गोरी हवी. बाकी आमची काही अट नाही." नीमा त्यांच्या शेजारीच बसली होती. तिला मराठी कळत नव्हतं, ती हसून मान हलवत होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही गोष्ट आम्हाला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे, पण पाठ असलेलं माणूस ऐकत नाही.

मग घरांचं प्रकरण आलं. कातडीचा रंग बघून कोणत्या गल्लीत कोणाला घर द्यायचं नाही हे तिथे कसं ठरायचं, याचं. मी वाचून दाखवत होते, आणि मधेच पप्पा बोलायला लागले. ही हकिकत मी जन्मात ऐकली नव्हती.

नोकरी लागून ते नवीनच सिकंदराबादला आले होते. खोली शोधत फिरत होते. कोणीतरी सांगितलं, गौलीगुड्यात मराठी माणसं आहेत, तिथे बघ. गेले. घरमालकांनी मराठी ऐकून दार सताड उघडलं. "अरे वा, आपलीच माणसं! बसा, बसा." पाणी आणलं. रेल्वेत आहे म्हटल्यावर अजूनच आनंद. मग नाव विचारलं. नाव ऐकून जरा थांबले आणि म्हणाले, "हे झालं आत्ताचं. पूर्वीचे कोण?"

"मी म्हणालो, पूर्वीचे आमचे आजोबा," पप्पा म्हणाले, आणि आम्ही हसलो. पप्पा हसले नाहीत. "मग खरं ते सांगितलं. तेव्हा त्यांना आठवलं, खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे. फार गोड बोलले हो. जिन्यापर्यंत पोचवायला आले. मी पाण्याचा पेला खाली ठेवला होता तो मात्र कोणी उचलला नाही. मी गल्लीच्या टोकाला जाऊन मागे बघितलं, पेला तिथेच."

मी हे नीमाला इंग्रजीत सांगितलं. ती चटईवरून सरकत पुढे आली आणि तिने पप्पांचा हात धरला. "मग तुम्हाला माहीत आहे, अंकल," ती म्हणाली.

पुढच्याच शुक्रवारी कळलं की नीमाला खोली सोडायला सांगितलं होतं. ईस्टरपर्यंतची मुदत. कारण विचारलं तर घरमालकाच्या भावाचं कुटुंब येणार. पण शेजारपाजारचे काय काय म्हणाले होते ते तिला जिन्यातच ऐकू आलं होतं: हिच्या स्वयंपाकाचा वास येतो, हिच्याकडे कोण कोण येतं, अशा मुली... ती नवी खोली शोधत होती. फोनवर सगळे गोड बोलायचे. नीमा हे नाव ऐकून त्यांना आपल्याकडचीच कोणी वाटायची. 'आ जाओ बेटा, देख के जाओ.' दारात उभी राहिली की घराचा भाड्याने द्यायचा भाग, इकडे ज्याला पोर्शन म्हणतात तो, कालच गेलेला असायचा. प्रबंध शेवटाला आला होता. तिचे मार्गदर्शक त्याच वर्षी निवृत्त होणार होते. विद्यापीठाजवळ खोली मिळाली नाही तर काम लांबेल, लांबलं तर शिष्यवृत्ती संपेल आणि व्हिसाही. हे सगळं तिने फार शांतपणे सांगितलं.

आमच्याकडे सभा संपताना पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" मग कोणी गुडघेदुखी सांगतं, कोणी मुलाची परीक्षा. त्या दिवशी नीमा म्हणाली, "एक खोली." पाळकसाहेबांनी मनापासून प्रार्थना केली. बंद दारं उघडणाऱ्या प्रभू, या आमच्या बहिणीसाठी एक दार उघड. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. त्या आमेन म्हणणाऱ्यांत रूथमावशी होत्या, त्यांची मागची खोली मुलगा कॅनडाला गेल्यापासून कुलपात होती. आणि पप्पा होते. आमच्या वरच्या मजल्यावरचा पोर्शन संक्रांतीपासून रिकामा होता, आणि आमच्या गेटला टू-लेटचा बोर्ड टांगलेला होता. नीमा दर शुक्रवारी त्या गेटावरून जायची.

त्या रात्री मी पप्पांना म्हटलं, "वरचा देऊ या ना तिला." ते "बघू" म्हणाले. मला वाटलं, झालंच काम. गौलीगुड्याची गोष्ट सांगणारा माणूस दुसरं काय करणार?

पुढचा शुक्रवार आमच्या घरचा होता. शाळेतून आले तर गेटावर बोर्ड नाही, नुसत्या दोन तारा लोंबत होत्या. मला इतका आनंद झाला की मी चपला न काढता आत गेले. पप्पा खुर्च्या मांडत होते. "सांगितलंत तिला?" मी विचारलं. त्यांनी आणखी एक खुर्ची ओळीत सरकवली. मग व्हरांड्यात कूलरमागे बोर्ड दिसला, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला.

"लोक यायचेत शालू. बरं दिसत नाही," पप्पा म्हणाले.

मी भांडले. खूप भांडले. घरात कोणी वरच्या आवाजात बोललं की पप्पा कान चोळतात, तसे ते चोळत राहिले. मग म्हणाले, "सकाळी समोरचे रावगारू येऊन गेले." आमच्या गल्लीत तेलुगू, मराठी, सगळे एकमेकांशी दखनीत बोलतात. रावगारू म्हणाले होते, "साब, ऊपर कौन आरै? जरा देख को देना. अपनी गल्ली का माहौल आप जानतैच."

"मग? तुम्ही सांगायचं ना, आमच्या चर्चमधली मुलगी आहे."

"तेच तर," पप्पा म्हणाले. ते खुर्चीत बसले. "आपण इथे प्लॉट घेतला तेव्हा तू लहान होतीस. तुझ्या आईशी दोन वर्षं कोणी बोललं नाही. बोअरचं पाणी आपल्याला शेवटी. आता रावगारूंच्या घरून सणाला पुलिहोऱ्याचा डबा येतो. आपण कोण ते या लोकांच्या विस्मरणात गेलंय, शालू. तिला वर ठेवलं की त्यांना पुन्हा आठवेल. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम आलं की माणूस भांडायला निकामी होतो. पुस्तकात हे नव्हतं. खालच्या माणसाला जेमतेम पाय टेकायला जागा मिळाली की तो हलायलाही भितो, आणि त्याच्या त्या भीतीवरच वरचं सगळं निवांत उभं राहतं, हे मला माझ्या घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेलं दिसलं. मी म्हटलं, "घर तुमचं आहे." ते म्हणाले, "माझ्यानंतर तुझंच आहे. तेव्हा ठेव हवं त्याला." तेवढ्यात गेट वाजलं.

नीमा आली. तिने गेटाकडे एकदा पाहिलं, तारांकडे. मग आत येऊन चटईवर बसली. वाचन चालू असताना रूथमावशींनी सहज विचारलं, "अहो, वरचा पोर्शन गेला का?" पप्पा म्हणाले, "हो... म्हणजे, बोलणी चालली आहेत." नीमाने माझ्याकडे बघितलं. ती नेहमी विचारायची, अंकल काय म्हणाले? त्या दिवशी तिने विचारलं नाही. तिच्या वाट्याचा परिच्छेद तिने वाचला, स्पष्ट आवाजात, एकही शब्द न गाळता.

आता वर पुण्याचं एक जोडपं राहतं. दोघंही आयटीत, फार भली माणसं आहेत. पहिल्या दिवशी चहाला आली तेव्हा त्यातल्या मुलीने अगदी निर्मळपणे विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले? आडनावावरून काही कळलं नाही." पप्पा म्हणाले, "नगरकडचे," आणि लगेच टाकीचं पाणी किती वाजता येतं ते सांगायला लागले. मी कपात बघत बसले. आमच्या गटाने यंदा पर्यावरणावरचं पुस्तक घेतलं आहे. झाडांशी कोणाचं वैर नाही.

पण त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी सगळ्या भाषांच्या मंडळ्या एकत्र येतात. भर दुपारी तीन तास. घंटा वाजत नाही, फुलं नसतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात, पंखे गरगरत गरम वारा खाली ढकलत असतात. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. जो तो उठून आपल्या उद्गारावर बोलतो. मराठी मंडळीच्या वाट्याला तिसरा येतो आणि तो कित्येक वर्षं पप्पांचाच आहे. ते मराठीत बोलतात, मी शेजारी उभी राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगते. तिसरा उद्गार म्हणजे येशू मरता मरता आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो तो. आणि तो शिष्य त्याच दिवसापासून तिला आपल्या घरी राहायला नेतो.

मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, "पप्पा, यंदा दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा." ते म्हणाले, "आता ऐनवेळी कसं?"

नीमा तिसऱ्या बाकावर बसली होती, काठाला. पप्पा पाठ असलेलं बोलत गेले, मी सांगत गेले. त्यांचा आवाज चांगला आहे, लोक मुसमुसायला लागले. मग दर वर्षीची ती दोन वाक्यं आली. मला वाटलं पप्पा ती गाळतील. सवयीने ती तोंडातून निघून गेली. "त्या शिष्याने घरात जागा आहे का हे पाहिलं नाही. शेजारी काय म्हणतील हे विचारलं नाही."

पप्पा थांबले. माझी पाळी होती. सगळं चर्च माझ्या तोंडाकडे बघत होतं, कारण निम्म्यांना ते माझ्याच तोंडून कळणार होतं. नीमाही माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. मी ती दोन्ही वाक्यं इंग्रजीत सांगितली. पप्पांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, मग हातानेच खूण केली आणि खाली उतरले. लोकांना वाटलं त्यांना गहिवरून आलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन मी म्हणत होतं. नीमा निरोप घ्यायला आली. तिला जागा मिळाली होती, शहराबाहेर, मेडचलच्या पुढे, तिच्यासारख्याच चार मुलींबरोबर एका खोलीत. दुसऱ्या दिवशी ती जाणार होती. विद्यापीठात यायला तीन बस. "काम होईल का गं पूर्ण?" मी विचारलं. तिने खांदे उडवले. "बघू," ती इंग्रजीत म्हणाली.

पाळकसाहेब लगबगीने आले. जागा मिळाल्याचं ऐकून त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहा! आपली प्रार्थना ऐकली गेली." रूथमावशी "प्रभूची स्तुती असो" म्हणाल्या आणि त्यांनी नीमाला मिठी मारली. त्यांना खरंच आनंद झाला होता. मला तिथल्या तिथे रडावंसं वाटलं.

मग पप्पा पुढे झाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. आपल्याकडे कोणालाही निरोप देताना जे म्हणतात तेच ते मराठीत म्हणाले, "घरी ये हं बेटा."

मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. नीमाने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. "राहू दे, सिस्टर," ती इंग्रजीत म्हणाली. "एवढं मराठी मला आता कळतं." ती वाकून पप्पांच्या पाया पडली, आमच्याकडे बघून शिकली होती तसं, आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागली.

"काय म्हणाली गं?" पप्पांनी विचारलं.

"कळलं म्हणाली."

"गुणी पोर आहे," पप्पा म्हणाले. मग रिक्षा घरापाशी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.